कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय? आधी वाटी उघडा

जुनी मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी अजून दारात ठेवणाऱ्या माणसाला पेट्रोलच्या वासाचं नवल नसतं. पण सेल्फ मारताना तोच वास भपकन नाकात शिरला, गाडी दोनदा धडपडून गप्प झाली आणि काढलेला प्लग ओलाचिंब निघाला, तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय हे कळायला मेकॅनिक लागत नाही. मेकॅनिक लागतो तो त्यापुढे, आणि तिथेच बऱ्याच जणांचं बिनसतं. गॅरेजमध्ये पहिला हात जातो मिक्श्चर स्क्रूकडे. अर्धा आटा आत, थोडी रेस, कान देऊन ऐकणं, ‘झालं साहेब, घेऊन जा’. आठवड्याभरात गाडी पुन्हा तिथेच.

तो स्क्रू फक्त आयडलिंगला लागणारं पेट्रोल कमीजास्त करतो. वाटीतली पेट्रोलची पातळीच चढलेली असेल, तर स्क्रू पार आवळला तरी जादा पेट्रोल मेन जेटच्या नळीतून सांडतच राहणार. म्हणून आधी पातळी, मग स्क्रू. हा क्रम उलटला की वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

गॅरेजवाल्यांनाही सगळा दोष देता येत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी २००० च्या आसपास बंद झाली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही त्याच सुमारास, प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर, कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनची यंत्रणा आली. म्हणजे आजच्या बहुतेक कार्बोरेटरवाल्या गाड्या पंचविशीला आल्या. तिशीतल्या मेकॅनिकने आयुष्यात किती कार्बोरेटर उघडले असतील? तेव्हा गाडी कोणाच्याही हाती द्या, पण काय तपासायचं हे तुम्हाला ठाऊक हवं.

कार्बोरेटरच्या बाजूला एक छोटी वाटी असते. तिच्यात पितळी किंवा प्लास्टिकचा फ्लोट तरंगतो. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि निडल व्हॉल्व्ह बंद करतो. पातळी उतरली की निडल उघडते. गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकचंच हे धाकटं रूप. बॉलकॉक खराब झाला की टाकी वाहते, तशी इथे वाटी वाहते. फरक इतकाच, की इथे वाहतं ते पेट्रोल आणि खाली असतं तापलेलं इंजिन.

पण वाटीवर संशय घेण्याआधी स्वतःच्या पायाची झडती घ्या. थंडीच्या दिवसांत चोक पूर्ण ओढायचा आणि वर चार-पाच वेळा अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, ही अनेकांची सवय. प्रत्येक दाबाला अ‍ॅक्सिलरेटर पंप पेट्रोलची एक पिचकारी आत मारतो. थंड इंजिनाला ती एखादी चालते, पाच नाही. असं महिन्यातून एखाद्या सकाळी होत असेल आणि बाकी दिवस गाडी व्यवस्थित चालत असेल, एव्हरेजही नेहमीचं असेल, तर कार्बोरेटर उघडायची गरज नाही. सवय बदला.

आत्ता, या क्षणी गाडी फ्लड झाली असेल तर काय करायचं? बॉनेट उघडून आधी बघा. कार्बोरेटरच्या बाहेर पेट्रोल ठिबकत असेल तर सेल्फला हात लावायचा नाही. ते पुसा, वास जाऊ द्या, गळती कुठून होते ते शोधा. बाहेर कोरडं असेल तर चोक पूर्ण आत ढकला. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू तळापर्यंत दाबा आणि तिथेच धरून ठेवा, पंपिंग अजिबात नको. मग पाच-सहा सेकंद सेल्फ मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. थ्रॉटल सताड उघडा राहिल्यामुळे भरपूर हवा आत जाते आणि साचलेलं पेट्रोल पातळ होऊन बाहेर पडतं. इंजिन पकडलं की पाय लगेच सैल करा. पहिल्यांदा सायलेन्सरमधून काळा धूर येईल, घाबरू नका. तीन-चार प्रयत्नांत जमलं नाही, तर पंधरा-वीस मिनिटं गाडी तशीच सोडा. दर वेळी बॅटरी बसेपर्यंत सेल्फ घोटणारे लोक इंजिनाचं खरं नुकसान करतात. ओलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात.

प्लग काढून सुकवायचे असतील तर जरूर सुकवा. मात्र प्लग काढलेल्या स्थितीत सेल्फ मारताना कॉइलला इग्निशनकडून येणारी बारीक वायर आधी काढा, म्हणजे कुठेच ठिणगी पडणार नाही. त्या भोकांतून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि त्या वेळी ठिणगी पडली तर पुढचं सांगायला नको.

उन्हाळ्यातली तक्रार जरा निराळी असते. मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकी घाट चढून वर आलात, चहाला थांबलात, दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरूच होईना. लोक याला सरसकट ‘एअर लॉक’ म्हणून मोकळे होतात आणि एसी पंपावर, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोल पंपावर, ओला फडका ठेवतात. पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली असेल तर वाटीपर्यंत पेट्रोल पोचत नाही. फडक्याने तिथे खरंच फायदा होतो. पण बऱ्याचदा घडतं ते नेमकं उलट. बंद केलेल्या इंजिनाची धग वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि मेन नळीतून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. इथे पेट्रोल कमी नसतं, जास्त झालेलं असतं, आणि फडका ठेवून काही होत नाही. पेट्रोलचा उग्र वास आला तर उपाय वरचाच, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. वास नसेल तर फडका. हे वारंवार होत असेल तर कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधलं जाड, उष्णता अडवणारं पॅकिंग जागेवर आहे का बघा. कधीतरी कोणीतरी ते तुटलं म्हणून फेकून साधं कागदी पॅकिंग लावलेलं असतं.

आता खरी तपासणी. एअर क्लीनरचं झाकण आणि फिल्टर काढा. फिल्टर धुळीने बुजलेला असेल तर तोही पेट्रोलचं प्रमाण वाढवतो, तेव्हा तो नवा टाकूनच पुढे चला. मग चोक बघा. मारुतीत नॉब आत ढकलल्यावर कार्बोरेटरच्या तोंडातली झडप उभी, पूर्ण उघडी राहिली पाहिजे. केबल गंजून अडकली असेल तर नॉब आत गेलेला दिसतो आणि झडप मात्र अर्धवट मिटलेली असते. पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरला अशी झडप नसते; बाजूला स्टार्टरचा छोटा लिव्हर असतो. नॉब आत ढकलल्यावर तो पूर्ण मागे येऊन टेकतो का, हे बोटाने ढकलून बघा. केबलचा क्लिप सरकल्यामुळे तो केसभर उघडा राहिला तरी गाडी दिवसभर चोकवर चालल्यासारखी पेट्रोल पिते. अनेक ‘बिघडलेले’ कार्बोरेटर इथेच बरे होतात.

तिथे काही सापडलं नाही तर इंजिन सुरू करून आयडलिंगला ठेवा आणि टॉर्चच्या उजेडात कार्बोरेटरच्या घशात बघा. चेहरा थोडा लांब ठेवून, कारण बॅकफायर झाला तर ज्वाळ वर येते. आयडलिंगला मधली मेन नळी कोरडी असायला हवी. तिच्या टोकाशी थेंब जमतोय, सुटतोय, पुन्हा जमतोय असं दिसलं की समजा, वाटीतली पातळी चढलेली आहे. इंजिन बंद केल्यावरही तो थेंब बराच वेळ पडत राहिला, तर निडल नीट बसत नाही.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. इंजिन आयडलिंगला असताना पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा रबरी पाइप हलक्या हाताने चिमटून धरा, दोन्ही बाजूंना कापड ठेवून. पाइप कडक झाला असेल तर ही चाचणी करू नका, चिरेल. आधी पाइप बदला. वाटीत असलेल्या पेट्रोलवर इंजिन काही मिनिटं चालतं. पातळी उतरू लागली तसं अडखळणारं इंजिन एकदम गोड चालायला लागलं आणि मग पेट्रोल संपून बंद पडलं, तर निदान झालं: दोष फ्लोट, निडल किंवा पंपाच्या दाबात आहे. काहीच फरक पडला नाही तर मोर्चा ठिणगीकडे वळवा. कारण ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, असंच नेहमी नसतं. पेट्रोल नेमकं येतंय पण जळत नाहीये, असंही असतं. सीबी पॉइंट जळालेले, कंडेन्सर मेलेला, कॉइल गरम झाल्यावर दम टाकणारी. जुन्या गाडीत हे तिन्ही नेहमीचे गुन्हेगार.

वाटीच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकेच ठोकायची जुनी युक्ती तुम्ही पाहिली असेल. ती खोटी नाही. निडल आणि तिची सीट यांच्यात गंजाचा कण अडकला असेल तर ठोकल्यावर तो सुटतो आणि गळती थांबते. रस्त्यात अडकलात तर घर गाठायला पुरेशी आहे. पण तो कण कुठून आला आणि त्याचे भाऊबंद टाकीत किती आहेत, हे ठोकून कळत नाही.

वाटी उघडायची असेल तर इंजिन थंड हवं, जागा उघड्यावर हवी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी आणि पावडरचा अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नसतं, ते आग पसरवतं. विडी-सिगरेटवाल्या मित्राला चहा आणायला पाठवा. कार्बोरेटर बाहेरून ब्रशने आधी स्वच्छ करा, नाहीतर झाकण उचलताच बाहेरची माती आत पडते. लिंकेजचे मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा. हे स्क्रू नरम असतात आणि एकदा खाच गेली की तासभराचं काम दिवसावर जातं. सुटे भाग स्टीलच्या थाळीत पांढऱ्या कापडावर मांडा. फ्लोटची बिजागरीची पिन आणि निडलचा बारीक क्लिप घरंगळण्यात पटाईत असतात.

झाकण निघालं की पेट्रोल ओतून टाकण्याची घाई करू नका. आधी तळाशी काय बसलंय ते बघा. तांबूस भुकटी असेल तर टाकी आतून गंजलीय. नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. काळे, बोटाने चुरडणारे कण म्हणजे रबरी पाइप आतून विरघळतोय. पांढुरका-हिरवट थर म्हणजे पाणी शिरून वाटीचा धातू खाल्ला जातोय. हा तिसरा प्रकार हल्ली वाढायला कारण आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्रास झालं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराशी त्याचं पटत नाही. कोकणात किंवा गोव्यात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची वाटी उघडली की हे डोळ्यांनी दिसतं. म्हणून गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे पाइप चिमटून किंवा काढून वाटीतलं पेट्रोल जाळून संपवा.

आता फ्लोट हातात घ्या आणि कानाशी हलवा. पितळी फ्लोटमध्ये खळखळ ऐकू आली तर तो फुटलाय. आवाज आला नाही तरी कढत पाण्यात बुडवा (पाणी घरातून आणायचं, पेट्रोलजवळ शेगडी नाही). सुईएवढं भोक असेल तर तिथून बुडबुड्यांची रांग निघते. काही जण त्यावर डाग देतात. माझा सल्ला, देऊ नका. आत पेट्रोलची वाफ राहिली तर डाग देतानाच स्फोट होऊ शकतो, आणि वाचलात तरी शिशाच्या वजनाने फ्लोट जड होऊन पातळी पुन्हा चढते. प्लास्टिकचा फ्लोट सहसा फुटत नाही, पण वर्षानुवर्षं पेट्रोल शोषून जड होतो. नजरेला ते कळत नाही. सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर नव्या फ्लोटशेजारी तोलून बघितलं तरच कळतं.

मग निडल. तिचं टोक खिडकीच्या उजेडात धरा. नवं टोक गुळगुळीत निमुळतं असतं. झिजलेल्या टोकावर सीटला टेकण्याच्या जागी एक बारीक गोल चर पडलेली दिसते, आणि नख वरून खाली ओढलं की ते तिथे क्षणभर अडतं. नख अडलं की निडल बाद. रबरी टोकाची निडल असेल तर टोक फुगलंय का, चिकट झालंय का तेही बघा. निडल आणि सीट नेहमी जोडीने बदला. नवी निडल जुन्या सीटवर फार दिवस गप्प बसत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत किट मिळतील, पण जुना नमुना बरोबर न्या आणि सीटच्या भोकाचा आकार जुळवूनच पैसे द्या. त्याच गाडीचं म्हणून मोठ्या भोकाची सीट हातात पडली, तर पंपाच्या दाबापुढे निडल टिकत नाही आणि नव्या किटनंतर गळती वाढते.

निडल बसवल्यावर झाकण उलटं धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने निडल बंद होईल. पेट्रोल आत येतं त्या नळीला रबरी ट्यूब लावून वीस मिलिलिटरची रिकामी सिरिंज जोडा आणि दट्ट्या अगदी हलकेच दाबा. दट्ट्या अडून राहिला तर निडल धरते. आपोआप सरकत गेला तर कुठेतरी गळतंय. तोंडाने फुंकून बघायची जुनी पद्धत सोडा. पेट्रोल पोटात किंवा फुप्फुसात जाण्यासारखी वस्तू नाही.

फ्लोटची उंची गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवायची, अंदाजाने नाही. एखाद्या मिलिमीटरनेही चालणं बदलतं. पितळी फ्लोटला वाकवण्यासाठी एक छोटी जीभ असते, तीच वाकवा. वाकवताना निडल दाबली जाऊ देऊ नका, नाहीतर तिच्या नव्या टोकावर तिथेच वळ पडतो. सोलेक्समध्ये वाकवायचं काही नाही. निडलच्या सीटखालचा वॉशर जाड केला की पातळी उतरते, पातळ केला की चढते. जुना वॉशर घाईत हरवला आणि मिळेल तो टाकला, एवढ्यावरूनही पद्मिनी ओव्हरफ्लो होऊ शकते. नवं पॅकिंग घालताना त्याची भोकं झाकणाच्या भोकांशी जुळतात का, हे उजेडासमोर धरून बघा. आणि वाटी उघडीच आहे म्हणून जेटमध्ये तार घालण्याचा मोह आवरा. पितळेचं भोक तारेने मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल जास्त ओढते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवा पुरे.

वाटीत सगळं ठीक निघालं तर संशय पंपावर. मूळचा एसी पंप अगदी थोड्या दाबाने पेट्रोल पाठवतो आणि निडल तेवढ्यासाठीच बनवलेली असते. पंप आणि इंजिन यांच्यातलं पॅकिंग मूळच्यापेक्षा पातळ बसवलं, तर पंपाचा दांडा जास्त ढकलला जाऊन दाब वाढतो. मारुतीच्या पंपातून जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारा पाइप असतो. तो दबला किंवा बुजला की तो सगळा ताण निडलवर येतो. इलेक्ट्रिक पंप बसवून घेणाऱ्यांनी तर फार सावध राहावं. एमपीएफआय गाडीचा पंप मूळ पंपाच्या दसपट दाब देतो. त्यापुढे कुठलीच निडल टिकणार नाही.

पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ओव्हरफ्लो होणाऱ्या प्रत्येक गाडीची डिपस्टिक म्हणूनच बघायची. ऑइलची पातळी न भरता वाढलेली असेल, ऑइल पाण्यासारखं पातळ असेल आणि त्याला पेट्रोलचा वास असेल, तर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. बेअरिंग गेलं तर त्या खर्चात तीन कार्बोरेटर येतील.

सगळं जोडल्यावर बॉनेट लगेच लावू नका. इंजिन दहा मिनिटं चालू द्या आणि प्रत्येक जोडावरून टॉर्च फिरवा. पेट्रोलचा एकही ओला डाग नको. इंजिन नीट तापल्यावरच मिक्श्चर आणि आयडलिंग जुळवा. मग पीयूसी केंद्रावर जाऊन पावती घ्या आणि नुसतं ‘पास’ वाचून ती डॅशबोर्डमध्ये कोंबू नका. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि पावतीवर तुमच्या गाडीचा आकडा छापलेला असतो. मागच्या पावतीवरच्या आकड्यापेक्षा तो स्पष्ट उतरलेला दिसला पाहिजे. दोन्ही पावत्या जपून ठेवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकच्या हातात द्या.